सहावी पेटी

जहाज वास्कोहून सुटायच्या आधी सगळ्यांच्या हातातली घड्याळं काढून घ्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. शिडीपाशी कापडी पिशवी घेऊन उभं राहायचं आणि वर चढणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाकडे बघायचं. मग पिशवी धक्क्यावरच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवायची आणि चावी खिशात टाकायची. नवी मुलं हसायची. "काका, मोबाइल असताना घड्याळ कोण घालतं?" मी म्हणायचो, घालत नसाल तर बरंच आहे, माझी पिशवी हलकी. पण एखाद्याच्या हातात अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं जुनं घड्याळ दिसलं की माझा आवाज चढायचा. तो का चढतो हे त्या बिचाऱ्याला कळायचं कारण नव्हतं.

मी गोव्यातल्या पेडण्याजवळच्या पार्श्याचा. वडील डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचे, आठवड्यातून एकदा घरी यायचे. आले की अंगणातच कपडे काढायचे आणि आई ते वेगळ्या बालदीत भिजवायची, कारण त्या लाल धुळीने बाकीचे कपडे कायमचे रंगायचे. वडिलांच्या कानाच्या पाळीमागची लाली कधी धुऊन गेली नाही. मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालो तेव्हा त्यांनी खाणीवरच्या सुपरवायझरशी माझ्यासाठी बोलून ठेवलं होतं. वजनकाट्यावर बसायचं, ट्रक येतील त्यांचं वजन लिहायचं. वाईट काहीच नव्हतं त्यात, पण मला त्या लाल रंगाची भीती होती. म्हणून समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत प्रयोगशाळा मदतनिसाची तात्पुरती जागा मिळाली, तेव्हा ती मी बुडत्याने काडी धरावी तशी धरली. सहा महिन्यांची ऑर्डर, मग पुन्हा सहा महिन्यांची. कायम होईन की नाही हे देवालाच ठाऊक. पेडण्यात तेव्हा रेल्वेच्या बोगद्याचं काम चाललं होतं आणि गावातला प्रत्येक जण एकमेकाला "कायम झालास का?" एवढंच विचारायचा.

तिसरी ऑर्डर हातात असताना मला पहिल्यांदा जहाजावर पाठवलं. पस्तीस दिवसांची सफर. निघायच्या दिवशी वडील मुद्दाम घरी थांबले होते. मामाने बहारीनहून आणलेलं घड्याळ माझ्या हातात होतं. दिवा मालवला की त्याचे काटे हिरवे चमकायचे. सगळ्या वाड्यात तसं दुसरं नव्हतं.

"मामान दिल्लां घड्याळ, सांबाळ हां," वडील म्हणाले. "हरवलां तर परत गावचां नाय."

जहाजावर चढलो. आमचे हेड सावंतवाडीकडचे होते, बोटीवर केस पिकवलेले. शिडी वर घेतल्यावर ते ओरडले, "घड्याळां काढा रे सगळ्यांनी! सांगितलेला ना घराकडे ठेवन येवा म्हणान? कोणाच्याच हातात दिसूक नाय व्हया."

"कित्याक?" मी विचारलं. मला कोणी काही सांगितलं नव्हतं.

"बाईन सांगितल्यान म्हणान."

बाई म्हणजे एक संशोधक मुलगी. पुण्याची, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. सगळे तिला मॅडम म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. त्या सफरीतले सहा मुक्काम, म्हणजे पाणी काढायच्या सहा जागा, तिच्या पीएचडीसाठी होते. त्यासाठी ती तीन वर्षं खपली होती.

मी घड्याळ काढलं. पण ठेवणार कुठे? धक्का मागे पडला होता. आमची केबिन चौघांची, कपाटाला कडी होती पण कुलूप नव्हतं. बाकीचे तिघे कुठले कोण. आणि इथे मी जे केलं ते आमच्याकडचाच माणूस करील.

आमच्या घरी मोलाची वस्तू कधी पेटीत ठेवली नाही. ती मुडीत ठेवायची. मुडी म्हणजे बियाण्याचं भात गवतात घट्ट बांधून केलेला गोळा. माळ्यावर असतो आणि पेरणीपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. आईच्या कुड्या, जमिनीचे कागद, सगळं त्या गवतात. चोर आला तर कपाट फोडील, बियाण्याची गाठ कशाला सोडवील? तर मी खाली भांडारात गेलो, आणि तिथे मॅडमच्या रिकाम्या काचेच्या बाटल्यांच्या सहा लाकडी पेट्या होत्या, प्रत्येकीत बारा बाटल्या, भोवती दाबून भरलेलं सुकं गवत. तो वास आला आणि मला आमचा माळाच आठवला. सहा मुक्काम, सहा पेट्या. सहावी बाकीच्यांपासून लांब कोपऱ्यात ठेवलेली, म्हणजे ती सगळ्यात शेवटी उघडणार. मी घड्याळ रुमालात गुंडाळलं, सहाव्या पेटीचं झाकण उचकटून गवतात खोल सरकवलं, आणि आपण किती हुशार म्हणत वर आलो. मॅडमच्या आज्ञेचं पालनही झालं, मामाची भेटही सुरक्षित.

काम मला आवडलं, हे खरं सांगितलं पाहिजे. लोखंडी चौकटीत गोल लावलेली बारा मोठी नळकांडी तारेवरून खाली सोडायची, आणि प्रत्येक नळकांडं ठरल्या खोलीवर बंद व्हायचं. दोन-तीन तासांनी ती वर यायची. वर कडक ऊन, आणि तीन हजार मीटर खालून आलेलं पाणी इतकं गार की तोटीखाली धरलेली बोटं बधिर व्हायची. पाणी काढून घ्यायचाही क्रम ठरलेला, अगदी आमच्या देवळातल्या मानकऱ्यांसारखा. पहिला मान वायूंचा, मग मॅडमच्या बाटल्यांचा, आणि मीठ मोजणारे सगळ्यात शेवटी. सुरुवातीला मी सवयीने बाटली विसळायला गेलो. आमच्याकडे झरीवर कळशी विसळल्याशिवाय कोणी भरत नाही. मॅडमने माझा हात धरला. "ही विसळायची नाही. ही भाजून, आत कोरडा वायू भरून आणली आहे. झाकण उघडायचं, भरायचं, लगेच बंद." त्यानंतर माझ्याकडून एकही चूक झाली नाही. माझ्या समजुतीप्रमाणे.

चौथ्या मुक्कामाच्या दिवशी माझी पाळी संध्याकाळची होती. मी जेवून पडलो आणि डोळा लागला. उठून डेकवर आलो तर चौकट वर आलेली, मॅडम भराभर बाटल्या भरते आहे, आणि तिच्या पायाशी पेटी. पेटीवर आकडा सहा.

 तेव्हा मला भीती फक्त घड्याळाची होती, कोणाला सापडलं तर काय म्हणून.

"ही पेटी आज का काढली मॅडम?" मी विचारलं.

"सगळ्यात खोल जागा आहे ना ही," ती म्हणाली. "सहावीतल्या बाटल्या सगळ्यात चांगल्या आहेत. मी त्या मुद्दाम याच्यासाठी राखून ठेवल्या होत्या."

म्हणजे तिनेही बियाणंच राखलं होतं, त्याच पेटीत.

मी रिकाम्या जागांत गवत नीट दाबतो आहे असं दाखवत हात घातला. रुमाल लागला. खिशात टाकला. कोणी बघितलं नाही. मला एवढं हायसं वाटलं की चहा घेऊन मी मॅडमसमोर जाऊन बसलो आणि आपणहून विचारलं, "मॅडम, ते घड्याळं काढायला का लावता तुम्ही?"

ती खूष होती. बारा बाटल्या भरून झाल्या होत्या. तिने मला मुलाला शिकवावं तसं सांगितलं. एकोणीसशे साठच्या आसपास मोठ्या देशांनी हवेत बॉम्ब फोडून बघितले. त्यातून ट्रिटियम नावाचा पदार्थ तयार झाला. हायड्रोजनचाच जड भाऊ. तो पाण्यातच मिसळून पावसातून जगभरच्या समुद्रांवर पडला. कोणी जगातल्या वरच्या पाण्याला खूण करून ठेवावी तसं झालं. आता ते खुणेचं पाणी जिथे जिथे बुडून खाली गेलं, तिथे ती खूण सापडते. खूण असली तर पाणी अलीकडेच वर होतं. नसली तर त्या पाण्याने कित्येक शतकं ऊन बघितलेलं नाही.

"आपल्या समुद्राची गंमत माहीत आहे?" ती म्हणाली. "याला उत्तरेला वाटच नाही. तिकडे जमीन. तळाचं पाणी दक्षिणेकडून सरपटत येतं आणि इथे येऊन अडकतं. पुढे जाता येत नाही, मागून दुसरं ढकलतं. इंचाइंचाने वर चढणं एवढंच त्याच्या हातात. लाल समुद्रातून आणि आखातातून नवं खारं पाणी येतं ते मधल्याच थरात पसरतं. त्याची खूण कुठवर उतरते, हे मला बघायचंय. फार पुसट खूण असते ती."

"आणि घड्याळं?"

"चमकणाऱ्या काट्यांना जो रंग लावतात, त्यात हेच ट्रिटियम असतं. सारखं थोडं थोडं झिरपतं. मिठागरात काम केलेला माणूस आहे का तुमच्याकडे? समजा तुम्ही पाण्यात मिठाचा एक कण शोधताय आणि शेजारी कोणी गोण फोडली. झालं."

चहा माझ्या हातात होता. खिशात घड्याळ होतं. मॅडम माझ्यापासून दोन हातांवर बसली होती.

त्यानंतरचे एकोणीस दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. त्या जहाजावर ते घड्याळ ठेवायला जागा उरली नव्हती. जिथे ठेवीन तिथे ते झिरपणार. समुद्रात फेकावं म्हटलं, तर मामाचा चेहरा समोर यायचा, आणि हसू नका, पण समुद्रात तरी कसं फेकू असंही वाटायचं. शेवटी तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून मी ते पार मागच्या टोकाला, दोरखंडांच्या खोलीत खिळ्याला टांगलं. दिवसातून चारदा लांबूनच बघून यायचो. हेड म्हणाले, "दोरांका मोजतंस काय रे?" चोराच्या मनात चांदणं, मी दचकलो.

जमिनीवर असतो तर पळालो असतो. इथे पळायचं कुठे? सकाळी उठलं की तेच पंचवीस-तीस चेहरे, त्याच दोन शिड्या, आणि जेवायला समोर मॅडम. ती पाव मोडता मोडता मला पुढच्या मुक्कामाचं सांगायची. मी मान हलवायचो. सांगावं तर बोटीवरूनच रिपोर्ट जाईल, चौथी ऑर्डर निघणार नाही, आणि मग डिचोलीचा वजनकाटा आहेच. न सांगावं तर हिची तीन वर्षं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण विहिरीला निदान काठ असतो. मी रोज सकाळी ठरवायचो की आज सांगायचं, आणि रोज जेवणापर्यंत ते उद्यावर गेलेलं असायचं. मला स्वतःची किळस यायची आणि तरी जेवण जायचं. त्याचीही किळस यायची.

उतरल्यावर घरी गेलो आणि वडिलांना सांगितलं. अंगणात बसून ते पाय चोळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घड्याळाने पाणी कसं बिघडतं हे त्यांना पटलं नाही, पण माझा चेहरा पटला असावा.

"सगळ्यो बाटल्यो बिघडल्यो?"

"नाय. ते पेटयेतल्योच."

"मग रवांदे," ते म्हणाले. "उदकाक कोण विचारतलो? कायम जा, मगे सांग."

कायम हो, मग सांग. मला दुसरं काय हवं होतं? मी तो सल्ला दोन्ही हातांनी घेतला.

बाटल्या परदेशी गेल्या. त्यांचं मोजमाप लगेच होत नाही. पाणी महिनोन् महिने बंद ठेवायचं, आत ट्रिटियमपासून हळूहळू वायू तयार होतो, मग तो मोजायचा. त्यामुळे वर्षभर माझ्या डोक्यावर टांगती तलवार. मॅडम रोज भेटायची. तीन वेळा मी तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. एकदा हेड आले. एकदा फोन वाजला. तिसऱ्यांदा कोणीच आलं नाही, काहीच वाजलं नाही, आणि मी तिला विचारलं, "चहा सांगू का मॅडम?"

निकाल आला त्या दिवशी ती धावत खाली आली. तळाच्या पाण्यात खूण होती! चांगली ठळक! कोणाला वाटलं नव्हतं असं काहीतरी आपल्याला सापडलंय, असं तिला दोन तास वाटलं. ते दोन तास मी बाटल्या धुवायच्या बेसिनपाशी उभा होतो. मग तिनेच आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. एका बाटलीत थोडं, शेजारचीत भरमसाट, खोलीशी काही संबंध नाही. पावसातसुद्धा एवढं नसतं. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "सगळ्यांना घड्याळं काढायला लावली आणि पाळीला जाग यावी म्हणून स्वतःच्या उशाशी गजराचं घड्याळ ठेवलं. हिरव्या काट्यांचं. मला सुचलंच नाही हो. त्या गजराला हात लावायचा आणि त्याच हाताने बाटल्या भरायच्या. तुम्ही सगळे एवढे राबलात, माझ्यासाठी."

ती माझी माफी मागत होती. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. मी जे वाक्य बोललो ते असं: "होतं असं कधी कधी, मॅडम."

त्या महिन्याच्या अखेरीला मी कायम झालो. आईने देवीची ओटी भरली. मॅडमने विषय बदलला, पहिल्यापासून सुरुवात केली, आणखी चार वर्षांनी तिची पीएचडी झाली आणि ती दुसऱ्या शहरात विद्यापीठात शिकवायला गेली. कायम झाल्यावर सांगायचं होतं ना? पण झाकली मूठ सव्वा लाखाची हे एकदा अंगवळणी पडलं की मूठ उघडत नाही. ज्या नोकरीसाठी गप्प बसलो, त्या नोकरीत रोज त्याच बेसिनपाशी उभं राहायचं. खाणीच्या धुळीपासून मी सुटलो होतो, एवढंच.

घड्याळ घरी कपाटात आहे. मुड्या आता कोणी बांधत नाही. ट्रिटियम दर बारा वर्षांनी अर्धं होतं. काटे आता अंधारात दिसतसुद्धा नाहीत.

माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना मॅडम परत आली, आमच्या सफरीची प्रमुख म्हणून. केस पांढरे, हातात काठी नाही पण शिडीला धरून चढली. मी पिशवी घेऊन उभा होतो. तिने दोन्ही मनगटं पुढे केली, मोकळी. "त्यानंतर मी घड्याळ वापरलंच नाही," ती हसून म्हणाली. "गजराचंसुद्धा नाही."

मी पिशवी ऑफिसात ठेवून आलो. शिडी वर घेतली, जहाज सुटलं. तिने विद्यार्थ्यांना डेकवर गोळा केलं आणि गजराच्या घड्याळाची गोष्ट सांगितली. स्वतःवरच विनोद करत सांगितली, अगदी हात उशाशी नेऊन गजर बंद केल्याची नक्कल करून. मुलं खूप हसली. ती ही गोष्ट दर वर्षी सांगत असणार हे मला तिच्या सांगण्याच्या सफाईवरून कळलं.

एक मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "पण मॅडम, केबिनमधल्या घड्याळाने एवढं होईल? ते तर बाटल्यांपासून लांब होतं."

"मलाही आधी तसंच वाटायचं," मॅडम म्हणाली. "पण दुसरं काही नव्हतंच ना जहाजावर."

मुलं चहाला गेली. ती कठड्याशी उभी राहिली. मी तिच्या मागे होतो, नेहमीप्रमाणे.

"मॅडम," मी म्हणालो, "घड्याळ माझं होतं."

तिला कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. मामा, मुडी, गवत, रुमाल. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मला वाटलं ती ओरडेल. किंवा, खरं सांगतो, मला वाटलं ती म्हणेल की जाऊ दे, किती वर्षं झाली. दोन्हींची तयारी मी इतकी वर्षं करून ठेवली होती.

तिने विचारलं, "कुठल्या पेटीत?"

"सहाव्या."

"फक्त सहाव्या? बाकीच्या पेट्यांजवळ कधी नेलं नव्हतं? भरल्यावरसुद्धा?"

"नाही. नंतर ते मागे दोरांच्या खोलीत होतं."

ती समुद्राकडे बघत राहिली. तिचं बोट कठड्यावर टकटक करत होतं. मोजत होती असं मला नंतर कळलं.

"माझ्या हाताला होतं म्हटल्यावर सगळंच गेलं ना," ती म्हणाली. तिचा आवाज साधा होता. "हात तर मी सहाही पेट्यांना लावला होता. पुसट खूण होती बरं का, दुसऱ्या आणि तिसऱ्या पेटीत. मला हवी होती तिथेच. पण ती समुद्राची की माझ्या गजराची, हे मी कोणाला कसं सांगणार होते? मी सगळीच बाद केली."

कठड्यावरचं तिचं बोट थांबलं.

"म्हणजे पाच पेट्या चांगल्या होत्या," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. सफरीचा पहिला दिवस होता, वास्को अजून दिसत होतं.